बुधवारचा खोकला

बुधवारी सकाळी कापसाच्या जीनमधल्या इंजिनाचा पहिला ठोका ऐकू आला, तसे गिरिजाबाईंनी चुलीपुढं बसल्या बसल्याच हात जोडले. आदल्या दिवशी, मंगळवारी, जीन बंद होती. कापसातली सरकी काढणारे रेचे बसवल्यापासून ते मंगळवारी कधी थांबले नव्हते. थांबायचे ते सोमवारी. सोमवार शिवाचा. त्या दिवशी या घरातलं कुणी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसे, आणि गिरिजाबाईंचे यजमान, जीनचे मालक मल्लिकार्जुनअप्पा यांनी तोच नेम इंजिनालाही लावला होता. लोखंडाला कसला आलाय सोमवार, असं कळंबातले व्यापारी हसून म्हणत. अप्पा म्हणत, "आपल्या पोटाला घालतंय ना ते? मग बैलच."

तो सोमवार अप्पांनी सोडला होता.

कारण दर मंगळवारी जीनमध्ये तेच व्हायचं. सोमवारची सुट्टी घेऊन आलेल्या बाया आणि गडी मंगळवारी दुपारपर्यंत छाती धरून बसायचे. कोरडा खोकला, अंगात कणकण, उरावर कुणी पाटा ठेवल्यासारखं. बुधवारी थोडं कमी, गुरुवारी आणखी कमी. शनिवारपर्यंत माणसं विसरूनही जायची. पुन्हा मंगळवार आला की पाटा उरावर. त्या दिवशी माल निम्माशिम्मा निघायचा. रेच्यांत कापूस घालणारे हातच उचलत नसत.

मंगळवार तुळजापूरच्या भवानीचा, म्हणून रेच्यांवरच्या बायांची मुकादम धुरपदाबाई हिनं कौल देऊन टाकला होता, "आईच्या वारी चाक फिरवता, म्हणून ती छातीवर बसती." गिरिजाबाईंना वाटायचं, सोमवारच्या उपासानं रिकाम्या पोटात वारा भरत असेल. थोरला मुलगा वीरभद्र खरेदी-विक्री बघायचा. त्याचं म्हणणं होतं की सुट्टीनं माणूस आळसावतं, दुसरं काही नाही. धाकटा रेवणप्पा रेचे सांभाळायचा. तो काहीच म्हणत नसे. त्याचा खोकला आता शनिवारीही जात नव्हता.

शेवटी अप्पांनी सुट्टी मंगळवारी केली. शिवाचा वार देवीला दिला. परवा सोमवारी इंजिन सुरू झालं तेव्हा ते सोप्यातून उठलेच नाहीत. हातावर इष्टलिंग घेऊन ऊन अंगावर येईपर्यंत पूजेला बसून राहिले. काल मंगळवारी जीनच्या दारात पुरणाचा नैवेद्य झाला, बाया परड्या घेऊन आल्या, संबळ वाजलं. जळकोटला दिलेली मुलगी शांताक्का त्यासाठी मुद्दाम माहेरी आली होती. काल सगळ्यांच्या तोंडावर हसू होतं. आज फक्त दुपार नीट जायची होती.

"आव्वा, आता बस की एका जागी," शांताक्का म्हणाली. "दाराचा उंबरा झिजवलास सकाळधरनं."

"बसलेच हाय."

"बसलीस, पण कान जीनवर. मला एक भाकर जळकी वाढलीस. जावयाला अशी वाढली असतीस का?"

गिरिजाबाई हसल्या. रेवणप्पाची बायको शिवकांता परातीत पीठ मळत होती, तीही जराशी हसली. शांताक्कानं तिच्याकडं बघून विचारलं, "वहिनी, रेवणा झोपला का गं रात्री?"

"झोपले."

ते खोटं नव्हतं. भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर उशी घेऊन, मान उशीवर टाकून तो झोपला होता. आडवं झालं की श्वास पुरत नसे. माघापासून तो असाच झोपायचा आणि शिवकांता त्याच्याशेजारी आडवी पडून अंधारात त्याच्या छातीतली शीळ ऐकायची. नवऱ्याच्या झोपेचं आणखी काय सांगायचं असतं, ते तिला कळलं नाही. ती पीठ मळत राहिली.

दुपारी इंजिन चालूच होतं, तरी जीनचा छकडा दारात आला. रेवणप्पा त्यात बसला होता. मागून धुरपदाबाईनं त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं आणि ती स्वतःच खोकत होती. दोघांच्याही डोक्यावर, भुवयांवर, ओठांवर कापसाची बारीक लव. त्याचे ओठ निळसर झाले होते.

कुणी ओरडलं नाही. शिवकांतानं पिठाच्या हातांनीच त्याला धरलं आणि सोप्यात भिंतीशी बसवलं. गिरिजाबाईंनी पाणी आणलं. अप्पा बाजेवरून उठले आणि तसेच उभे राहिले.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

तो त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. धुरपदाबाई दाराशी उकिडवी बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बुधवार, मालक."

"देवीचा?"

"न्हाय."

"मग आज छातीवर कोण बसलं?"

धुरपदाबाई म्हणाली, "म्या लबाड बोलले न्हाय, मालक. मला तसंच वाटलं हुतं. आमच्या बायाबी बसल्यात बाहेर, लिंबाखाली. आज कुणाचा वार हाय ते त्यांनाबी कळंना."

तेवढ्यात वीरभद्र आला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं ती गुडघ्यावर झटकली. अंगणात लव उडाली. भावाकडं बघून तो क्षणभर थांबला, मग अप्पांकडं वळला.

"निम्मे रेचे थांबलेत. सोलापूरच्या गिरणीचा माणूस कापसाच्या गाठींसाठी येऊन बसलाय. लढाईच्या दिवसांत मागणी अशी परत येणार न्हाय. म्या म्हणलंच हुतं अप्पा, वार बदलून काय होणार. सुट्टीच बंद करा. रोज काम असलं की हे होत न्हाय, सगळ्यांनी बघितलंय."

अप्पांनी मान हलवली. ते त्यांनाही पटत होतं. त्यांनी आपला सोमवार दिला होता, आणि त्या बदल्यात बुधवार पदरात पडला होता. ते पुन्हा बाजेवर बसले. चेहऱ्यावर राग नव्हता. फसवला गेलेला माणूस दिसतो तसे ते दिसत होते.

शिवकांता पदर पुढं ओढून खांबामागं उभी राहिली. सासऱ्याशी ती कधी समोरासमोर बोलली नव्हती. बोलायचं असलं की सासूच्या तोंडून बोलायचं, अशीच रीत होती, आणि अप्पाही तशीच पाळायचे.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मामंजींना सांगा, देव बदलला तरी दुखणं तेच ऱ्हायलं. सोमवारी सुट्टी हुती तवा मंगळवारी यायचं. आता मंगळवारी सुट्टी, तर बुधवारी आलं. ते सुट्टीच्या मागनं चालतंय. वाराच्या न्हाय."

गिरिजाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

"तिला सांग," अप्पा म्हणाले, "वीरभद्र तेच म्हणतोय. सुट्टी बंद करू."

"सांगा त्यांना, मिरच्या कांडायला बसलं की पैल्या दिवशी ठसका लागतो. रोज कांडलं की लागत न्हाय. म्हणून मिरची ग्वाड झाली का? सुट्टीत छाती जरा मोकळी होती, म्हणून परत गेल्यावर कळतं. रोज गेलं की कळत न्हाय, एवढंच. आत जायचं ते जातच असतंय."

"तिला विचार, काय जातंय आत?"

"तुमी दोघंबी एकमेकांचं ऐकताय की," गिरिजाबाई म्हणाल्या. "मी मधी काय पोपट व्हय?"

शांताक्काला अशा वेळीही हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. शिवकांता मात्र खांबामागून बाहेर आली. ती सासऱ्याजवळ गेली नाही. नवऱ्यापाशी वाकून तिनं त्याच्या भुवयांवरची लव बोटानं पुसली आणि ते बोट सासूपुढं धरलं.

"हे. खिडक्या बुजवल्यात म्हणून."

 खिडक्यांचं नाव या घरात कुणी काढत नसे.

जीन सुरू झाली त्या पहिल्या हंगामात रेच्यांच्या खोलीला मोठ्या खिडक्या होत्या. वारा सुटला की सरकी काढलेल्या रुईचे पुंजके बाहेर पडायचे आणि गावभर उडायचे. बाभळींवर, कुडांवर, मारुतीच्या शेंदरावर कापूस. बायकांनी तो वेचून लेकरांच्या दुपट्यांत भरला. मल्लिकार्जुनअप्पाच्या कृपेनं कळंबात काट्यालाही कापूस पिकतो, असं लोक चहाच्या दुकानात म्हणायचे. अप्पांच्या आईनं एवढंच म्हटलं होतं की लक्ष्मी खिडकीतून उडून चालली बाबा. दुसऱ्या दिवशी अप्पांनी अंगरखा काढून स्वतः माती कालवली आणि विटांनी एकेक खिडकी बुजवली. मग कळंबात कापूस उडाला नाही. जो उडायचा तो आतच उडायचा.

अप्पांना ते सगळं आठवलं. आपण वाईट मालक आहोत असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मी कुणाला उपाशी ठेवलं का?" ते धुरपदाबाईला म्हणाले. "कुणाला शिवी दिली? धुरळ्यानं घसा धरतो म्हणून रोज सकाळी दारात माझ्या हातानं गूळ देतो. दुसऱ्या कुठल्या जीनमध्ये देत्यात, सांग."

"देता की," धुरपदाबाई म्हणाली. "तुमच्यासारखा मालक न्हाय. गूळबी ग्वाड हाय. पण त्यो घशातनं पोटात जातो, मालक. छातीत जात न्हाय."



शांताक्का पुढं सरली. "मी काय म्हणते, खिडक्यांचं मागनं बघा. रेवणाला मी जळकोटला नेते. आमचं शेत उंचावर हाय, वारा मोकळा, दूधदुभतं हाय. पाऊस पडेस्तोवर ऱ्हाऊ दे."

"ने," वीरभद्र लगेच म्हणाला. भाऊ घरी राहिला की खिडक्यांचा विषय रोज निघणार, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याचं भावावर प्रेम नव्हतं असं नाही. पण दारात गिरणीचा माणूस बसला होता. "ने अक्का. म्या रेचे बघतो तवर."

"येत न्हाय," रेवणप्पा म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले. इतका वेळ तो फक्त श्वास घेत होता, आणि तेवढ्याच कामानं घामेजला होता.

"मी जाईन," तो थांबला. "वाऱ्याला." पुन्हा थांबला. "आन् ह्या बाया? त्यांना कुठलं जळकोट?"

"रेवणा, तू आधी जगलास तर..." वीरभद्रनं सुरुवात केली.

"अण्णा, तू एक दिवस... आत बस. फक्त एक."

वीरभद्र दिवसातून कितीदातरी जीनमध्ये जायचा. पण वजनकाट्यापाशी, गाठींपाशी, दारात. रेच्यांच्या खोलीत तो नाकावर रुमाल धरून जायचा आणि तसाच परतायचा. हे त्याला आता, सगळ्यांसमोर, स्वतःचं स्वतःलाच दिसलं.

"खिडक्या उघडा," रेवणप्पा म्हणाला. "मग जातो."

अप्पा म्हणाले, "हंगाम सरू दे. पाडव्याला बघू."

तेव्हा गिरिजाबाई उठल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी नवऱ्याच्या शब्दापुढं शब्द टाकलेला कुणी ऐकला नव्हता. मघापर्यंत त्या उपासाचंच खूळ डोक्यात घेऊन होत्या. त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली. ती त्यांना पेलवत नव्हती; एक टोक फरशीवर घासत होतं. ती त्यांनी ओढत आणून अप्पांच्या पायाशी टाकली.

"तुमच्यानं होत न्हाय तर गवंड्याला मी सांगते," त्या म्हणाल्या. "बाईमाणूस बोलवायला आलं तर त्यो येईल का न्हाय, तेवढं सांगा."

अप्पांनी पहारीकडं पाहिलं, मग मुलाच्या निळ्या ओठांकडं.

"उघडतो," ते म्हणाले. "रेवणा मोकळ्या वाऱ्यात बरा झाला, तर सुनेचं म्हणणं खरं. खिडक्या कायमच्या ऱ्हातील. पण वाऱ्यानं बरा न्हाय झाला, तर मग दोष धुरळ्याचा न्हाय. मी परत बुजवीन. लोकांना हसायला निमित्त का द्यायचं?"

हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. आशेला काहीतरी टेकू हवा, म्हणून म्हटलं होतं. पण शब्द बोलून झाला होता.

खिडक्या उघडल्या आणि रेवणप्पा शिवकांतासह जळकोटला निघाला. येडशीपर्यंत छकडा आणि पुढं कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. लढाईमुळं पेट्रोल मिळत नसे. त्या धुरानं रेवणप्पा वाटेतच अर्धा झाला. तरी जळकोटला पहिले काही दिवस बरे गेले. शांताक्काच्या सासरचं घर गावाबाहेर, शेतालगत होतं. सकाळी तो बांधापर्यंत जायचा, ज्वारीच्या पेंढ्यांवर टेकून बसायचा. एकदा तर त्यानं शांताक्काच्या सासूशी कानडीत थट्टा केली आणि ती म्हातारी दिवसभर हसत होती. शिवकांतानं तेव्हा कळंबला निरोप पाठवला, उतार पडतोय.

मग उतार थांबला. बांध दूर झाला, मग अंगणही. वारा मोकळा होता, रात्रंदिवस वाहत होता, पण त्याला आत जायला छातीत जागाच उरली नव्हती. आता रेवणप्पाला बुधवार वेगळा नव्हता आणि शनिवारही नव्हता. शिवकांता पुढचे निरोप धाडत राहिली. बरं आहे. दूध पचतंय. शांताक्कानं एकदा विचारलं, "वहिनी, खरं का कळवत न्हाईस? आव्वा येईल तरी."

"आव्वा आल्या तर मामंजी येतील," शिवकांता म्हणाली. "त्यांनी बघितलं तर खिडक्या जातील. यांनी मला शपथ घातलीय, अक्का."

शांताक्का तिच्याकडं बघत राहिली. माहेरी असताना ही भावजय मुखदुर्बळ आहे अशी तिची समजूत होती. त्या दिवसापासून ती तिला नावानं हाक मारू लागली, धाकट्या बहिणीसारखी.

चैत्र लागल्यावर वीरभद्र आला. आल्या आल्या तो जीनबद्दलच बोलू लागला. दुसरं कशाबद्दल बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं. "खिडक्या उघडल्यापासनं बाया सुट्टीनंतरबी छाती धरून बसत न्हाईत, रेवणा. खोकतात, पण आधीसारखं न्हाय. मालबी वाढलाय. मला वाटलं हुतं उलटं व्हईल. पण अप्पांना माल दिसत न्हाय, उडणारा कापूस दिसतोय. परवा कुणीतरी चहाच्या दुकानात तीच जुनी मस्करी केली. लई लागलं त्यांना. मला म्हणाले, डोळ्यांनी बघून ये. रेवणा खरंच बरा हाय का, एवढंच सांग."

रेवणप्पा भिंतीला टेकून बसला होता. शिवकांतानं त्याला धुतलेला सदरा घातला होता, विभूती लावली होती.

"हाय की," तो म्हणाला.

"भाकरी खातात दोन येळा," शिवकांता म्हणाली. "सकाळी बांधापातुर जातात. ऊन लागतं म्हणून आता घरात बसलेत. रात्री गाढ झोप लागती."

"जाड झालोय न्हाय?" रेवणप्पानं स्वतःकडं बोट दाखवून विचारलं आणि हसला. छोटी वाक्यं तो बोलायचा, लांब ती बोलायची. मधेमधे शांताक्का काहीतरी आणायला उठायची, म्हणजे त्याला दम घ्यायला सवड मिळे. तिघांनी मिळून दुपार ओढून नेली.

वीरभद्र ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर भावाच्या डोक्यामागच्या भिंतीवर गेली. चुन्याच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, केसांच्या तेलाचा मोठा काळपट डाग होता. जवळ पडलेली उशी मधोमध खचली होती. त्यानं शिवकांताकडं पाहिलं. तिनं नजर काढून घेतली नाही. विनवणीही केली नाही. नुसती पाहत राहिली.

निघताना त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. सदऱ्याखाली नुसती हाडं लागली.

"म्या बसलो एक दिवस आत," तो म्हणाला. "रेच्यांच्या खोलीत. तुला सांगायचं ऱ्हायलं हुतं."

रेवणप्पानं डोळे मिटून मान हलवली.

कळंबला वीरभद्र पोचला तेव्हा अप्पा दारातच उभे होते. त्यांनी त्याला पायही धुऊ दिले नाहीत.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"बरा हाय, अप्पा. रंग आलाय. सुनेचं म्हणणं खरं हुतं."

अप्पांनी सोप्याच्या खांबाला हात टेकला. इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा सैल पडला. ते मोठ्यानं हसले, आणि लगेच गड्याला हाक मारली. "सुताराला सांगावा धाड. खिडक्यांना सागवानी चौकटी घालायच्या, दगडात बसवून. लोक हसू देत. माझं पोरगं हंगामाला उभं ऱ्हाईल तिथं."

रात्री वीरभद्र जेवायला बसला. गिरिजाबाईंनी त्याच्या ताटात आमटी वाढली आणि हळूच, अप्पांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "आडवा झोपतो का रे?"

वीरभद्रचा घास हातातच राहिला.

"झोपतो, आव्वा."

त्यांनी त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग आणखी आमटी वाढली, ताट भरलेलं होतं तरी.

सुतार दुसऱ्या दिवशी आला. लाकूड बार्शीहून यायचं होतं, दगड फोडायचे होते, काम रेंगाळणार होतं. ते चालू असेपर्यंत गिरिजाबाई रोज जीनपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि किती चौकटी बसल्या ते बघून यायच्या. लोकांना वाटायचं, म्हातारीला हौस. लेकाला भेटायला जळकोटला चला, असं अप्पा दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, माझे गुडघे धरलेत, काम पुरं झालं की जाऊ.